गोपनीयतेचा करार केला म्हणजे वकील सुटला, असं नाही

‘दूरून काम करणाऱ्या सहायकाकडून गोपनीयतेच्या करारावर सही घ्या, पुढे माहिती फुटली तरी जबाबदारी त्याची, वकिलाची नाही,’ असा मेसेज वकिलांच्या ग्रुपमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे.

करार हवाच, पण अशिलाप्रती असलेलं वकिलाचं कर्तव्य त्याने दुसऱ्याकडे जात नाही. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेचं २००८ चं ०८-४५१ क्रमांकाचं मत मी मुद्दाम पुन्हा वाचलं. काम बाहेर द्यायला त्यात मुभा आहे, पण अंतिम जबाबदारी वकिलाचीच. २०१२ मध्ये तिथल्या वकिलांच्या आचरणाच्या आदर्श नियमांतल्या ५.३ च्या (वकील नसलेल्या मदतनीसांबाबत वकिलाची जबाबदारी सांगणाऱ्या नियमाच्या) शीर्षकातला ‘सहायक’ हा शब्द बदलून ‘साहाय्य’ केला, तो बाहेरची मदतही त्यात यावी म्हणूनच.

तारखांची नोंद, बिलं, फोन घेणं ही कामं खुशाल द्या. मात्र ‘केस टिकेल का?’ असं अशिलाने विचारलं, तर सहायकाने प्रश्न टिपून वकिलापर्यंत पोहोचवावा, स्वतः उत्तर देऊ नये. आणि सगळ्या फाइलींचा एकच पासवर्ड कृपा करून देऊ नका. वेगळं लॉगिन, लागेल तेवढ्याच फोल्डरपुरतं. काम संपलं की त्याच दिवशी बंद.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपमध्ये हा खुलासा टाका.