एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: .४५ चा बॉक्स आणि शोकेसमधलं ते एक काडतूस

नमस्कार सर. रिव्ह्यू वाचला. इथे पहिल्यांदाच येणाऱ्यांना कळावं म्हणून आधी सरांची तक्रार सांगतो. मी जुनी काडतुसं घेतो-विकतो. त्यांनी घरात सापडलेला १९४३ सालचा .४५ एसीपीचा (हे पिस्तुलाचं काडतूस) ५० काडतुसांचा बॉक्स आणला होता, मी त्याला "चिल्लर भाव" सांगितला, आणि माझ्या शोकेसमधल्या एका सुट्या .३०-०३ ह्या रायफलीच्या काडतुसाला मात्र अख्ख्या बॉक्सपेक्षा जास्त किंमत लावून ठेवलीय, तेच काडतूस त्यांना ऑनलाइन एक तृतीयांश किमतीत मिळालं, म्हणजे मी आवळा देऊन कोहळा काढणारा माणूस. राग समजू शकतो, पण भाव कसा ठरला ते सांगतो, लांबेल जरा.

आधी बॉक्स. १९४३ चा आहे म्हणजे दुर्मीळ असणार असं सगळ्यांनाच वाटतं, पण जुनं असणं वेगळं आणि मिळायला अवघड असणं वेगळं. तुमच्या बऱ्याच काडतुसांच्या तळावर 'ई सी ४३' असा शिक्का आहे, म्हणजे अमेरिकेत इंडियानामधल्या इव्हान्सव्हिलचा कारखाना, जो युद्धात क्रायस्लर कंपनी चालवत होती. एरवी गाड्या बनवणारी ही मंडळी, त्यांनी तिथे ३ अब्जांहून जास्त काडतुसं काढली आणि त्यातली बहुतेक .४५ चीच. युद्धात तांबं कमी पडत होतं म्हणून पितळेऐवजी स्टीलचं कवच (दारू भरायची नळकांडी) केलं, त्यामुळे बघणाऱ्याला ते काहीतरी वेगळं आणि खास वाटतं, पण .४५ गोळा करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या ड्रॉवरमध्ये हे आधीच पडलेलं असतं हो.

मग अशा मालाला भाव कधी येतो? बॉक्समुळे. बॉक्स सीलबंद असेल, फ्लॅप धड असतील, लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा नंबर, वाचता येत असेल आणि आतली काडतुसं त्याच लॉटची असतील तर कलेक्टर आनंदाने पैसे मोजतो, कारण तो बॉक्स म्हणजे एक पूर्ण वस्तू असते. तुमच्या बॉक्सचा एक फ्लॅप गेलेला आहे, ते एक वेळ चाललं असतं, पण आतला माल मी तुमच्यासमोरच एकेक उलटा करून दाखवला होता, निम्मी स्टीलची ई सी आणि बाकीची पितळी, वेगवेगळ्या कारखान्यांची, वेगवेगळ्या सालांची. कोणीतरी कधीतरी मूळची वापरली आणि रिकाम्या जागा मिळेल त्याने भरल्या. ह्यात कोणाची लबाडी होती असं मी म्हणत नाही, घरोघरी असंच होतं, पण मग तो 'मूळ बॉक्स' राहत नाही, एक फाटका रिकामा बॉक्स आणि पन्नास सुटी काडतुसं असा हिशोब होतो आणि मी तोच लावला.

आणि पॉलिश! रिव्ह्यूत तुम्ही लिहिलंय "चकाचक करून नेली तरी किंमत नाही". अहो सर, चकाचक केली म्हणूनच पितळी काडतुसांची किंमत अजून खाली आली. वर्षानुवर्षांचा जो तपकिरी थर चढतो तोच कलेक्टरला हवा असतो, घासल्यावर शिक्क्याच्या कडा बोथट होतात, प्रायमरभोवतीचा (तळाच्या मधली, ठिणगी पाडणारी टोपी) रंगीत लॅकर निघून जातो आणि तो रंग तर कित्येकदा प्रकार ओळखायची खूण असतो. वर पितळेच्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने चिरा जातात. हा शोधसुद्धा काडतुसांवरूनच लागलाय, हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवायचे, ती तडकायची, आणि कारण घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आहे हे १९२० च्या दशकात नीट उलगडलं. तेव्हा मऊ कोरड्या फडक्याच्या पुढे जाऊ नका, कोणाचंही ऐकून.

आता शोकेसमधलं काडतूस. .३०-०३ अमेरिकन सैन्याने १९०३ मध्ये घेतलं आणि १९०६ मध्ये बाजूला काढलं, कारण जर्मनांनी हलकी टोकदार गोळी (म्हणजे काडतुसाच्या तोंडातला, उडून जाणारा भाग) आणली होती आणि सगळ्यांनाच तशी हवी झाली. मग २२० ग्रेन (हे गोळीचं वजन) ची बोथट गोळी जाऊन १५० ग्रेनची टोकदार आली, कवचाची मान थोडी आखूड केली, आणि तेच आजचं प्रसिद्ध .३०-०६. आधीच्या रायफलींची चेंबरसुद्धा, म्हणजे काडतूस बसायची जागा, नव्या मापाला करून घेतली. म्हणजे सैन्यात ह्या काडतुसाचं आयुष्य उणंपुरं तीन वर्षांचं. कमर्शियल .३०-०३ नंतरही येत होती, विंचेस्टरची १८९५ मॉडेलची रायफल त्यात होती म्हणून, पण ती वेगळी आणि तिचा भाव वेगळा. माझ्याकडचं आहे ते फ्रँकफर्ड आर्सेनलचं, तळावर 'एफ ए', महिना आणि साल, शिक्का न घासलेला, गोळी न हललेली, प्रायमरला टोचा (पिन आदळल्याची खूण) नाही.

तुम्ही जे ऑनलाइन घेतलंत त्याचा फोटो रिव्ह्यूतच आहे, मोठा करून बघा. गोळी टोकदार आहे सर. एवढ्यावरूनच माझं नव्वद टक्के मत झालं, पण गोळी बदललेलीही असू शकते म्हणून मापच घ्या. कॅलिपर घ्या आणि तळापासून कवचाच्या तोंडापर्यंत मोजा. .३०-०३ असेल तर साधारण ६५.१ मिमी भरेल आणि .३०-०६ असेल तर ६३.३ च्या आसपास. फरक जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचा, आणि किमतीतला सगळा फरक त्या पावणेदोन मिलिमीटरमध्ये आहे. माझी खात्री आहे ६३ च भरेल. तसं झालं तर विकणाऱ्याला चूक दाखवून पैसे परत मागा, वर्णन चुकीचं असेल तर तुमचा हक्कच आहे तो. (मापासाठी काडतूस उघडायच्या भानगडीत पडू नका, इतकं जुनं जिवंत काडतूस खेळायची वस्तू नाही.)

आता रिव्ह्यूसोबत टाकलेल्या स्क्रीनशॉटबद्दल. तुमच्यासारख्याच बॉक्सला कोणीतरी माझ्या पाचपट किंमत लावलीय, हो, लावलीय, मागायला कोणाच्या बापाचं काय जातं. ती मागितलेली किंमत आहे, विकली गेलेली नाही. मी बघतो ते झालेले सौदे, तेही एक नाही, बरेच, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडून मधले. कारण ऑक्शनमध्ये दोन हट्टी माणसं समोरासमोर आली की साध्या काडतुसाचाही आकडा कुठल्या कुठे जातो, आणि दुसऱ्या वेळी तीच वस्तू कोणी उचलतसुद्धा नाही. शिवाय ऑक्शनवाले हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, घेणाऱ्याकडून वेगळा प्रीमियम घेतात आणि विकणाऱ्याचंही कमिशन कापतात, तेव्हा वाचलेला आकडा विकणाऱ्याच्या हातात कधीच पडत नाही.

दुर्मीळ म्हणजे महाग हेही दरवेळी खरं नसतं. एखाद्या लॉटमध्ये शिक्क्यातलं एक अक्षर वेगळं पडलेलं असतं, जगात मोजकीच उरलेली असतात, पण ती हवी असणारेही मोजकेच, मग भाव वाढणार कुठून? उलट १९६० च्या दशकातली जायरोजेट, जी खरं म्हणजे छोटी रॉकेटंच, किंवा डार्डिकची ती तिकोनी प्लास्टिकच्या कवचाची काडतुसं, ती काही अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलेली नाहीत, पण ज्याला काडतुसातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही एखादं हवंच असतं, म्हणून भाव टिकून आहे. मला स्वतःला हे जरा अन्यायाचं वाटतं, पण बाजार माझ्या आवडीवर चालत नाही.

राहिला माझा नफा. मी घेताना देतो तो भाव आणि विकताना लावतो तो ह्यात फरक आहे आणि तो मी लपवत नाही. सुटी ई सी ४३ घेतली तर ती माझ्याकडे वर्षभर पडून राहतात, म्हणून तिथे मी निम्म्यापेक्षा कमी देतो. शोकेसमधल्यासारखी वस्तू, जिला गिऱ्हाईक थांबलेलं असतं, तिला मी विक्रीच्या दोन तृतीयांशपर्यंत जातो. तुम्ही खरं .३०-०३ आणलंत, एफ ए शिक्क्याचं, न घासलेलं, तर तोच हिशोब तुम्हालाही लागू, लेखी देतो.

माझ्यावर विश्वास नसेल तर दुसरं मत जरूर घ्या. इंटरनॅशनल ॲम्युनिशन असोसिएशन आणि युरोपियन कार्ट्रिज रिसर्च असोसिएशन ह्या दोन्ही संस्थांमध्ये असे लोक आहेत जे नुसत्या शिक्क्यावरून कारखाना आणि साल सांगतात. त्यांना पाठवताना तळाचा सरळ फोटो, बाजूचा फोटो पट्टी ठेवून, आणि बॉक्सच्या लॉट नंबरचा फोटो पाठवा, "किती मिळतील" हे आधी विचारू नका, आधी "हे काय आहे" विचारा. तुमच्या त्या पितळी काडतुसांमध्ये दोन शिक्के मला नीट वाचता आले नव्हते, तेव्हाही बोललो होतो, ते बाजूला काढून ठेवा, बॉक्सबरोबर कोणाला देऊन टाकू नका.

आणि विकायच्या आधी तुमच्या इथला कायदा बघून घ्या. बऱ्याच देशांत जिवंत काडतूस बाळगायलाच लायसन्स लागतं, निष्क्रिय केलेल्याला कुठे सूट असते कुठे नसते. विकायला सोपं जाईल म्हणून स्वतः ड्रिलने भोक पाडायला तर अजिबात जाऊ नका. साध्या पोस्टाने किंवा कुरिअरनेही मला पाठवू नका, आधी फोन करा, काय चालेल ते बघून सांगतो.