माझ्या हिशेबाने तीन पेग

गेल्या रविवारी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका मुंजीला गेलो होतो. पंगत उठल्यावर आम्ही पुरुषमंडळी पान खात ओसरीवर बसलो, आणि ग्वाल्हेरात चार मराठी पुरुष एकत्र बसले की अर्ध्या तासात जे होतं तेच झालं. विषय बंदुकीवर आला. कुणाचं लायसन्स, कुणाची कानपूरची बत्तीस बोअरची रिव्हॉल्व्हर, कुणाकडे अजून आजोबांची रायफल. नात्याने मला काका लागणारे एक गृहस्थ म्हणाले, "मी बाबा रात्री दोन पेग घेतो, रिव्हॉल्व्हर उशाशी ठेवतो आणि राजासारखा झोपतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत त्या हसण्याची मला लाज वाटायला लागली होती, म्हणून हे लिहायला बसलोय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगतो.

२०२१ ची भाऊबीज. धाकटी बहीण बडोद्याहून आलेली, बरोबर जावईबापू आणि दोन मुलगे, एक नऊ वर्षांचा, एक सहाचा. दिवाळीत तिकडच्या शाळांना तीन आठवडे सुट्टी असते. आता गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे आमचे जावईबापू मध्य प्रदेशाची हद्द लागली की जरा मोकळे होतात. (त्यांच्या एका थोरल्या चुलत्यांकडे तब्येतीच्या कारणावरून मिळालेला दारूचा परवाना आहे. तो ते रेशन कार्डासारखा जपून ठेवतात. तिकडे बाटलीला कागद लागतो, इकडे बंदुकीला. आम्ही दोघं यावर दरवर्षी तोच विनोद करतो.) तर ओवाळणं झालं, जेवणं झाली, बायका आत गेल्या आणि आम्ही गच्चीखालच्या खोलीत बसलो. मुरैन्याची गजक, शेव, दाणे. गप्पा चंबळच्या. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर डाकूंनी बंदुका ठेवल्या, तेव्हा माझे वडील तरुण होते आणि ते सगळं त्यांच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलंय. जावयांना ते फार आवडतं. मग ते म्हणाले, "दादा, बाबांची बंदूक दाखवा ना."

यानंतरचं मला नीट आठवत नाही.

सकाळी सव्वासातला मधल्या खोलीत गेलो. बाबांची बारा बोअरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, लाकडी कपाटात असते, कपाटाला कुलूप असतं. कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं. बंदूक आपल्या कोपऱ्यात शहाण्यासारखी उभी. मी सवयीने ती मधून उघडून बघितली आणि दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी पितळेच्या दोन गोल चकत्या चमकल्या. दोन्हीत काडतूस. आणि कपाटापासून चार हातांवर गादीवर बहिणीची पोरं पांघरुणं लाथाडून झोपलेली.

काडतुसं काढताना माझ्या हाताला जो कंप होता तो थंडीचा नव्हता.

दुपारी जावयांना हळूच विचारलं. ते हसत म्हणाले, "तुम्हीच तर म्हणालात! वर गच्चीवर काहीतरी वाजलं. तुम्ही म्हणालात की कुणीतरी चढलंय, पोरं घरात आहेत, दोन घालून ठेवतो." मी गच्चीवर गेलो. आकाशकंदिलाची दोरी सुटली होती आणि कंदील वाऱ्याने पत्र्यावर आपटत होता.

किती प्यायलो होतो? माझ्या हिशेबाने तीन पेग. बाटलीच्या हिशेबाने पाच.

हे मी हिला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. आज ही पोस्ट वाचूनच त्यांना कळेल आणि जे व्हायचं ते होईल. पण एक गोष्ट नीट बघा. मी त्या रात्री कुणाशी भांडलो नव्हतो, रागात नव्हतो, कुणाला धमकावलं नव्हतं. मी पोरांचं रक्षण करत होतो. ज्या कामासाठी बंदूक घरात आहे, नेमकं तेच काम करायला मी उठलो होतो, आणि ते करताना भरलेली बंदूक उघड्या कपाटात पोरांच्या उशाशी ठेवून झोपायला गेलो. दारुडे, मारकुटे, लग्नात मंडपाला भोकं पाडणारे यांच्याबद्दल सगळेच बोलतात. मला भल्या माणसाबद्दल बोलायचंय, जो घरच्यांच्या काळजीने उठतो.

हर्ष फायरबद्दल निदान कायदा तरी झाला. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत आनंदाच्या भरात बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या भागात वरातींना त्याचा किती धाक आहे तो प्रश्न वेगळा. पण मंडपातलं दिसतं तरी, कुणीतरी मोबाईलवर काढतं. घरातल्या मधल्या खोलीत रात्री साडेबाराला काय होतं ते कोण बघतं?

आणि दारू आता घरातच आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून राज्यातले अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद झाले. बंद झाले ते चांगलंच झालं, दुकानाशेजारचा तो चिखल आणि त्या शिव्या कुणाला हव्या होत्या. पण तिथे बसणाऱ्यांनी प्यायची काही सोडली नाही, त्यांनी बसायची जागा बदलली. त्याआधीच्या वर्षीच्या धोरणात तर घरात बाटल्या ठेवायची मर्यादा चौपट केली आणि वर्षाला एक कोटीच्या वर कमावणाऱ्याला पन्नास हजार भरून घरी बार ठेवायची सोय दिली. म्हणजे ज्या घरात लायसन्सी हत्यार असण्याची शक्यता जास्त, त्याच घराच्या बैठकीत आता बाटल्यांचं कपाटही आलं. आमच्याकडे दोन्ही कपाटं एकाच सुताराने केलेली आहेत, ही गोष्ट वेगळी.

बंदूक घेतो कशासाठी? रात्रीसाठी. दिवसा कोण दरोडा घालायला येतो आमच्या दाट वस्तीच्या बोळात? आणि पितो कधी? रात्री. दोन्हींची पाळी एकच. डॉक्टर लायसन्सच्या अर्जासाठी तपासतात ते सकाळी अकराला, तेव्हा हात स्थिर, डोळे ठीक, मन ठिकाणावर, मार शिक्का. त्या माणसाला रात्री अकराला तपासा की. जो रोज नऊला बाटली उघडतो त्याच्या घरातली बंदूक मुळात संरक्षणाची नाहीच, कारण ज्या घटकेला ती लागेल त्या घटकेला ती हातात घ्यायला घरात कुणी शुद्धीवर नाही. लायसन्सवर फोटो ज्याचा आहे तो गडी रात्री नऊनंतर दुसराच कुणीतरी असतो.

मुंजीत मी हे थोडंसं बोललो तर एक जण म्हणाला, "मग काय, चोर विचारून येणार आहे का, आज प्यायलायस की कोरडा आहेस?" बरोबर आहे त्याचं. नाही विचारणार. म्हणून तर आपल्याला आधी ठरवावं लागतं. प्यायची असेल त्या रात्री आपण बंदूकवाले नाही, आपण दार लावून, पोरांना आतल्या खोलीत घेऊन पोलिसांना ११२ लावणारे. यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. शेजारी ज्यांच्याकडे बंदूक नाही ते सगळे हेच करतात आणि जिवंत आहेत.

दुसरा म्हणाला, "दोन पेगनी मला काही होत नाही." हे वाक्य मी स्वतः वीस वर्षं म्हणत आलोय. पण काही होतंय की नाही हे ठरवणारं डोकं तेच, ज्यात ते दोन पेग गेलेत. गाडीसाठी कायद्याने आकडा घालून दिलाय, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, त्यापुढे गुन्हा. तिथे तुमचं मत कुणी विचारत नाही, फुंकणी तोंडात देतात. स्कूटर चालवायला जो माणूस नालायक ठरतो तो अंधारात सावली ओळखायला मात्र लायक, हे कसं?

आणि सावली कुणाची असते हो रात्री दीडला? आमच्यासारख्या वाड्यात, जिथे तीन बिऱ्हाडं एका चौकात राहतात? मधुमेहाने तीनदा उठणारे चुलते. सिनेमा बघून उशिरा आलेला पुतण्या, जो आजीला जाग येऊ नये म्हणून चपला हातात घेऊन चालतो. माकडं. मांजर. आकाशकंदील. पन्नास वर्षांच्या आयुष्यात माझ्या चौकात रात्री वाजलेल्या प्रत्येक आवाजाचा मालक घरचाच निघालाय. अमेरिकेत १९९३ मध्ये केलरमन नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरात झालेल्या खुनांचा अभ्यास छापला होता. बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका जवळपास २.७ पट आढळला, आणि मारणारा बहुतेक वेळा घरचा किंवा ओळखीचा. तिकडच्या बंदूकवाल्यांनी त्या अभ्यासावर खूप टीका केली, अजून करतात. ती वाद घालणारी मंडळी त्यांच्या देशात वाद घालोत. मला आमच्या चौकापुरतं पटलं.

कायद्याचंही ऐका, कारण आमच्याकडे "घरात घुसला तर उडवायचा, सात खून माफ" असं छातीठोक सांगणारे फार. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जुन्या पीनल कोडात तो ९६ ते १०६ मध्ये होता. सूर्यास्तानंतर घर फोडणाऱ्याविरुद्ध तो हक्क जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो, हे खरं. पण त्याच कायद्यात असंही आहे की जरुरीपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. जरूर किती होती, वेळ होता की नव्हता, हे सगळं अर्ध्या सेकंदात तोलायचं आणि नंतर कोर्टात सिद्ध करायचं. वर कलम २३ आहे. नशेमुळे समजलं नाही ही सबब फक्त त्यालाच मिळते ज्याला नकळत किंवा त्याच्या इच्छेविरुद्ध पाजली असेल. तुम्हाला कुणी पाजली होती? गजक खात स्वतःच्या हाताने ओतली होती ना?

हे झालं कोर्टाचं. आपल्याच नात्यागोत्यातली एक गोष्ट सांगतो, नाव-गाव सांगणार नाही. लहानपणी एका घरी आमचं जाणं-येणं होतं. तिथले गृहस्थ रात्री जेवणाच्या टेबलावर एका बाजूला बाटली ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हर, "साफ करायला". त्यांनी ते कधी झाडलं नाही, कुणावर रोखलंही नाही. पण त्या घरातल्या मुली आणि त्यांची आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवायच्या, ताटांचा आवाज न करता. मी एकदा तिथे जेवलो होतो. माझ्या हातातून वाटी पडली तेव्हा त्या काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला चाळिशीत समजली. शेवटपर्यंत ते गृहस्थ सांगत राहिले की हत्यार घरच्यांच्या रक्षणासाठी आहे.

आता आमच्या घरात काय आहे ते सांगतो. काडतुसं वेगळ्या कपाटात, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या आईकडे. आई पंच्याऐंशी वर्षांची आहे, तिला कमी ऐकू येतं पण वास बरोबर येतो. बाटली उघडायच्या आधी मी किल्ल्या तिच्या हातात देतो आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर मागतो. आदल्या रात्री किल्ली मागितली तर द्यायची नाही, मी रडलो, ओरडलो, गच्चीवर फौज आली म्हटलं तरी नाही, असं तिला सांगून ठेवलंय. "का रे बाळ?" असं तिने तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, "असंच." ती काही बोलली नाही. मला वाटतं तिला बाबांचं काहीतरी आठवलं असावं. मी विचारलं नाही.

खंडेनवमीला मात्र पंचाईत होते. सकाळी दुनाली बाहेर येते, तलवारीशेजारी पाटावर बसते, हळदकुंकू, झेंडूची माळ. पूर्वी ती संध्याकाळपर्यंत तिथेच असायची आणि संध्याकाळी त्याच खोलीत पुरुषांची बैठक भरायची, शस्त्रांच्या साक्षीने. गेली तीन वर्षं मी दुपारी चारला माळ काढून बंदूक आत ठेवतो. पहिल्या वर्षी नानाकाका चिडले, "देव उठवायची घाई कसली तुला?" गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच साडेतीनला आठवण केली. त्यांची बैठक चारला सुरू होते, हे त्यामागचं खरं कारण.

निवडणुकीच्या काळात हत्यार ठाण्यात जमा करायला लागतं, तेव्हा आम्ही सगळे बडबडतो की आता आम्ही उघडे पडलो. २०२३ च्या विधानसभेला आणि २०२४ च्या लोकसभेला आमची दुनाली पावती घेऊन ठाण्यात जाऊन बसली होती. त्या दिवसांत ही निवांत झोपायची, असं तिनेच नंतर सांगितलं. आचारसंहिता उठली आणि बंदूक परत आणली त्या संध्याकाळी ती फक्त एवढंच म्हणाली, "आणलीत का?"

पुढच्या वर्षी लायसन्सचं नूतनीकरण आहे. २०१९ मध्ये इथल्या कलेक्टरांनी नवीन लायसन्स हवं असेल तर दहा झाडं लावून फोटो द्या, असं काढलं होतं, तेव्हा गावभर चेष्टा झाली होती. परवा हिला म्हटलं, नूतनीकरण करावं की बंदूक जमा करून टाकावी, मला ठरवता येत नाहीये, बाबांची आठवण आहे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, ते तुम्ही ठरवा. दहा झाडं मात्र लावा. मागच्या अंगणात कढीपत्ता नाहीये."