दोन तारे आणि चार तक्रारी: १५००डी की आर५०, यावर दुकानाचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या परीक्षणात चार तक्रारी आहेत. कॅननचा आर५० कॅमेरा बघायला आला होतात आणि आम्ही कॅननचाच 'जुनाट' १५००डी गळ्यात मारला. मुलीच्या भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचे फोटो हलले. रेसिपीच्या व्हिडिओत फोकस सारखा सुटतो. आणि आमच्याकडूनच घेतलेल्या ट्रिगरने (बाहेरचा फ्लॅश पेटवणारं उपकरण) फ्लॅश पेटत नाही. यातल्या दोन पूर्ण खऱ्या आहेत, एक अर्धी, आणि एक आम्हाला मान्य नाही. फोनवर न बोलता इथेच लिहितोय, कारण हेच दोन कॅमेरे काउंटरवर शेजारी ठेवून विचारात पडणारी माणसं आमच्याकडे सतत येतात.

आधी व्हिडिओ, कारण तिथे चूक सरळ आमची आहे. तुम्ही 'घरातले फोटो, मुलीचे कार्यक्रम' एवढं सांगितलंत आणि आम्ही व्हिडिओचं विचारलंच नाही. विचारलं असतं तर १५००डी समोर ठेवलाच नसता. त्यात रेकॉर्डिंग चालू असताना फोकस आपणहून हलत्या गोष्टीच्या मागे जात नाही. बटण अर्धं दाबलं की लेन्स एकदा पुढे, एकदा मागे जाऊन शोधते, आणि तो शोध व्हिडिओत दिसतो. मोटरची घरघरही ऐकू येते, कारण बाहेरचा माइक लावायला जागाच नाही. स्क्रीन मागे घट्ट बसवलेली, त्यामुळे कढईसमोर उभं राहून स्वतःला बघता येत नाही. आर५० मध्ये चार गोष्टी आहेत: सलग फोकस, माइक लावायची जागा, फिरणारी टच स्क्रीन आणि पूर्ण रुंदीचा फोर-के (जास्त बारकावे टिपणारा व्हिडिओ). व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर या दोघांत तुलना करायचं कारणच उरत नाही.

तोवर कॅमेरा स्टँडवर लावा, ताट किंवा कढई ठेवायची जागा ठरवा, तिथे वाटी ठेवून फोकस करा आणि लेन्सवरची कळ एएफवरून (आपोआप फोकस) एमएफवर (हाताने फोकस) टाका. अंतर बदललं नाही तर फोकस हलणार नाही. आवाज मोबाइलवर वेगळा घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर जुळवायला सोपं जातं.

आता हललेले फोटो. तुम्ही टाकलेल्या एका फोटोत माहितीची पट्टी दिसते: ५५ मिमी, एफ ५.६ (लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर; आकडा लहान तितका प्रकाश जास्त), १/३० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ), आयएसओ ३२०० (प्रकाशाला किती संवेदनशील). त्यात नटराजाची मूर्ती आणि समईची ज्योत स्वच्छ आली आहे, मुलीचे हात मात्र पुसल्यासारखे. म्हणजे फोकस चुकलेला नाही, तुमचा हातही हललेला नाही. १/३० सेकंदात तिचा हात वीतभर पुढे गेला, एवढंच. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचं कंपन सावरतं. नाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. नाचासाठी निदान १/२५० लागतं, अडवू (भरतनाट्यमच्या मूळ हालचाली) झपाझप चालले असतील तर १/५००. १/३० वरून १/२५० वर जायला आठपट प्रकाश हवा. एफ ५.६ वरच राहायचं तर आयएसओ २५६००, आणि हा कॅमेरा ६४०० पर्यंत जातो, ताणला तर १२८००.

आर५० असता तर? त्याच्यासोबत मिळणारी १८-४५ लेन्स लांबच्या टोकाला एफ ६.३ ची आहे, म्हणजे प्रकाश आणखी जरा कमीच. तो डोळ्यावरचा फोकस आपल्या १५००डीपेक्षा फार सफाईने धरतो, सेकंदाला बारा फोटो ओढतो, पण त्याच १/३० वर बाराही असेच हलले असते. सेन्सरचा आकार दोघांचा एकच, मेगापिक्सेल २४.१ आणि २४.२. म्हणून 'कॅमेरा जुना म्हणून फोटो हलले' हे आम्हाला मान्य नाही.

तुमच्या बिलात तिसऱ्या ओळीवर ५० मिमी एफ १.८ ची लेन्स आहे. कॅमेऱ्यात वाचवलेले पैसे तिच्यात घालायला आम्ही सुचवलं होतं ते नेमकं याच कामासाठी. फोटोच्या माहितीत ५५ मिमी दिसतंय, म्हणजे त्या दिवशी कॅमेऱ्यासोबतची १८-५५ लावली होती आणि ५० मिमी पिशवीतच राहिली. एफ ५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश ही ५० मिमी आत घेते, आयएसओ तोच ठेवून १/३० चं १/३२० होतं. पण ती कधी लावायची हे देताना आमच्यापैकी कोणी सांगितलं नाही. म्हणून ही तक्रार अर्धी आमच्याकडे.

पुढच्या कार्यक्रमाला असं करा. डायल एम वर (शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपण ठरवायचं). शटर १/३२०, अ‍ॅपर्चर एफ २ (पूर्ण १.८ वर फोकस जरासा चुकला तरी चेहरा धूसर येतो), आयएसओ ऑटो, मेन्यूत त्याची मर्यादा ६४००. फोकस एआय सर्व्होवर (हलणाऱ्या माणसाचा पाठलाग करणारा) आणि नऊपैकी फक्त मधला बिंदू. या कॅमेऱ्यात तेवढा एकच क्रॉस-टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा आहे, कमी उजेडात बाकीचे चाचपडतात. मीटरिंग (प्रकाश मोजायची पद्धत) पार्शल, म्हणजे फक्त मधल्या भागाचा प्रकाश मोजणारं ठेवा. मागे काळा पडदा असला की नेहमीचं मीटरिंग अख्खी चौकट उजळवायला जातं आणि चेहरा पांढराफटक येतो. फोटो व्ह्यूफाइंडरला डोळा लावूनच काढा. मोबाइलच्या सवयीने सगळे मागच्या स्क्रीनवर बघून काढतात, आणि तिथे या कॅमेऱ्याचा फोकस गोगलगायीच्या चालीने जातो. सेकंदाला तीनच फोटो मिळतात, तेव्हा बटण दाबून धरण्यापेक्षा सम (तालाची पहिली मात्रा) कधी येते ते बघून दाबलेलं बरं. समेवर मुद्रा क्षणभर थांबते. बसायची जागाही बघा. ५० मिमीवर पूर्ण उंचीचा माणूस उभ्या चौकटीत बसवायला साधारण १५ फूट अंतर लागतं. दुसरी-तिसरी रांग चांगली. घरच्या गणपतीच्या खोलीत मात्र हीच लेन्स अडचणीची, तिथे १८-५५ च.

ट्रिगरची चूक पूर्ण आमची. १५००डीच्या फ्लॅश लावायच्या खाचेत बोट फिरवून बघा, मधली मोठी गोल पिन नाही, फक्त बारीक संपर्क आहेत. आम्ही दिलेला साधा ट्रिगर त्या मधल्या पिनवरच चालतो. तो या कॅमेऱ्यावर कधीच पेटणार नव्हता, आणि बांधून देण्याआधी एकदा लावून बघितला असता तर कळलं असतं. ट्रिगर परत आणा, पूर्ण पैसे मिळतील, खोका नसला तरी. फ्लॅशही परत करायचा असेल तर तोही घेऊ. ठेवणार असाल तर त्यावर एस१ आणि एस२ असे दोन मोड आहेत. एस२ लावा आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडा. त्याचा उजेड बघून बाहेरचा पेटतो. एस१ लावलात तर मोजमापासाठी आधी पडणाऱ्या लखलखाटालाच तो पेटून मोकळा होतो आणि फोटो काळा येतो. आर५० घेतला तरी हा ट्रिगर चालला नसता. त्याची खाच वेगळ्या बनावटीची आहे, कॅननचे जुने फ्लॅशसुद्धा तिथे एडी-ई१ अ‍ॅडॅप्टरशिवाय चालत नाहीत.

'जुनाट' म्हणालात ते तारखेने बरोबर आहे, 'गळ्यात मारला' हे मात्र मान्य नाही. १५००डी २०१८ चा, आर५० २०२३ चा, आणि कॅननच्या नव्या लेन्स आता आर५० च्याच माउंटसाठी (लेन्स बसवायच्या जागेसाठी) येतात. पाच-सात वर्षं लेन्स जमवत जायचं असेल तर हा मुद्दा मोठा, आणि तोही आम्ही बोलायला हवा होता. दिवसाउजेडी काढलेला फोटो ए-४ आकारात छापला तर दोघांतला फरक आम्हालाही ओळखू येणार नाही, ही दुसरी बाजू.

खोका उघडल्यावर परत नाही, हा नियम बिलावर छापलेला आहे आणि तो राहणार. पण व्हिडिओचं न विचारणं आमच्याकडून झालं, म्हणून तुमच्यापुरतं असं: १५००डी आणि १८-५५ बिलाच्या रकमेतून आठ टक्के वजा करून परत घेऊ, वरचा फरक भरून आर५० न्या. ५० मिमी विकू नका, ईएफ-ईओएस आर अ‍ॅडॅप्टर लावून ती आर५० वर ऑटोफोकससकट चालते. मेमरी कार्डही चालेल. जादा घेतलेली बॅटरी मात्र बसणार नाही, १५००डीला एलपी-ई१० लागते आणि आर५० ला एलपी-ई१७. ती आम्ही बिलाच्याच किमतीत घेऊ. आर५० ची एक बॅटरी व्ह्यूफाइंडरवर तीनशेच्या आसपास फोटोंत संपते, कार्यक्रमाला दोन न्याव्या लागतील, तो खर्च आधीच धरा.

नाच हेच मुख्य आणि रेसिपी अधूनमधून, असं असेल तर बदलायची घाई करू नका. आधी वरच्या सेटिंगने एक तालीम काढून बघा. मंगळवार सोडून कधीही या, दुपारी चारनंतर गर्दी कमी असते. येताना कॅमेरा, दोन्ही लेन्स, चार्जर आणि बिल आणा, आणि कार्डावरचे त्या दिवशीचे फोटो पुसू नका.