शेजाऱ्याला घेऊन या

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास मी ईस्ट डलिच स्टेशनबाहेर पत्रकं वाटत उभा असतो. दक्षिण लंडनच्या या भागात राहायला येऊन मला अकरा वर्षं झाली, त्यातली आठ वर्षं हे काम करतोय. पत्रकावर फारसं काही नसतं. आज दुपारी तीन वाजता चॅम्पियन हिल मैदानावर डलिच हॅम्लेट या इथल्या फुटबॉल क्लबची मॅच, कोणाविरुद्ध, तिकीट किती, एवढंच. माझ्याबरोबर शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त पोस्टमन असतात. गुलाबी-निळा मफलर गळ्यात, हाताशी मोजून शंभर पत्रकं. कागद हातात देताना ते प्रत्येकाला एकच सांगतात, "एकटे येऊ नका, शेजाऱ्याला घेऊन या."

२०२५ च्या जुलैत तिकडे भारतात आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेचा हंगाम अडकला. फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपणार होता, पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दिवसांत कोल्हापूरच्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "आपल्याकडं मॅच बघायला येतंय कोण रं? माणूसच नाही म्हटल्यावर पैसा कोण घालणार?" हाच सूर नंतर मी बऱ्याच जणांकडून ऐकला. भारतात फुटबॉलला प्रेक्षक नाही, आधी मोठे खेळाडू आणा, मोठा प्रायोजक आणा, मग लोक येतील. बोलणारा शिवाजी पेठेत वाढलेला, म्हणून मला जास्त लागलं. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ या गावातल्या संघांची मॅच असली की दुपारपासून पायऱ्या भरायला लागतात, हे त्यानं माझ्याच शेजारी बसून पाहिलंय. तिथं कुठला आला होता मोठा प्रायोजक?

मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल मारले, आणि बघायला माणसं होती अडीच हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं कॅमेऱ्यासमोर हात जोडले. शिव्या घाला, टीका करा, पण मैदानावर या, म्हणाला. दोन दिवसांनी केनियाविरुद्ध, भर पावसात, तेच मैदान खच्चून भरलं. ती छेत्रीची शंभरावी आंतरराष्ट्रीय मॅच होती. मला त्यातून एक गोष्ट कळली. लोक यायला तयार असतात, कुणीतरी त्यांना बोलवावं लागतं. फक्त दर शनिवारी बोलवायला छेत्री येऊ शकत नाही. ते काम गल्लीतल्या माणसाचं.

डलिच हॅम्लेट १८९३ चा क्लब. एडगर केल इथं खेळत असतानाच १९२९ मध्ये इंग्लंडकडून खेळला. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे आणि आमच्या पायऱ्यांवर आजही त्याच्या नावाचं गाणं म्हणतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधली मेक्सिको आणि दक्षिण कोरियाची मॅच चॅम्पियन हिलवर झाली होती. आपल्या कोल्हापूरच्या तालमीत घडलेले खाशाबा जाधव त्याच ऑलिंपिकला लंडनला आले होते, हे मी इथल्या मंडळींना आवर्जून सांगतो. एवढा इतिहास असलेल्या या क्लबच्या मॅचला वीसेक वर्षांपूर्वी दोन-तीनशे माणसं असायची. नंतर इथल्या चाहत्यांनी दुकानांच्या काचांवर पोस्टर लावले, दिव्याच्या खांबांवर स्टिकर चिकटवले, पबमधल्या ओळखीच्यांना ओढून आणलं. आता मोठ्या मॅचला तीन हजार माणसं सहज होतात, आणि तेही सर्वात वरच्या प्रीमियर लीगपासून सहा पायऱ्या खालच्या लीगमध्ये.

२०१८ च्या मार्चमध्ये जागेच्या मालकानं क्लबला मैदानाबाहेर काढलं. वादाचं मूळ तिथं घरं बांधण्याच्या योजनेत होतं. त्या वेळी मी नवखाच होतो, पण मोर्चात गेलो. लहान पोरं बापाच्या खांद्यावर, आजीबाई हातात फलक घेऊन, आणि सगळा रस्ता गुलाबी. इथल्या खासदार हेलन हेज यांनी संसदेत विषय मांडला. टूटिंग अँड मिचम या शेजारच्या, खरं तर प्रतिस्पर्धी क्लबनं आपलं मैदान वापरायला दिलं. त्या उसन्या मैदानावर मे महिन्यात हॅम्लेटनं हेंडनला पेनल्टीवर हरवून वरच्या लीगमध्ये जागा मिळवली, बघायला तीन हजारांहून जास्त माणसं होती. डिसेंबरात क्लब घरी परतला. दोन-तीनशेच प्रेक्षक असते तर कोण कशाला लढलं असतं?

आता महाराष्ट्रातल्या फुटबॉल क्लबांकडे बघा. महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये आवरले. डीएसके शिवाजीयन्स २०१७ ला गेला, एफसी पुणे सिटी २०१९ ला. प्रत्येकाकडे पैसेवाला मालक होता. मालकाचं मन किंवा खिसा बदलला की क्लब संपला, आणि तो वाचवायला रस्त्यावर उतरेल एवढी मोठी वस्ती त्यांच्यामागे उभीच राहिली नव्हती. दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, पाटाकडील ही कोल्हापूरच्या संघांची नावं मात्र टिकली, कारण ती पेठेची आहेत. पोरगं जन्मल्यापासूनच त्या तालमीचं असतं. इंग्लंडमधले लोक हे ऐकून थक्क होतात. आमच्या पोस्टमनकाकांनी तर कुस्तीच्या तालमीची फुटबॉल टीम कशी झाली हे मला तीनदा विचारलं.

सोय म्हणाल तर इथं काही गोष्टी नक्कीच चांगल्या आहेत. शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात टीव्हीवर फुटबॉल सहसा थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला होता, खालच्या क्लबांचा प्रेक्षक घरी बसू नये म्हणून. २०१० पासून 'नॉन-लीग डे' असतो. जेम्स डो या चाहत्यानं तो सुरू केला. देशादेशांतल्या सामन्यांसाठी मोठ्या लीग थांबलेल्या असतात, त्या शनिवारी लहान क्लबच्या मॅचला जा, असं आवाहन असतं. काही क्लब त्या दिवशी परवडेल तेवढेच पैसे घेतात. मुंबईत कूपरेज मैदानावर असा एक दिवस ठेवला तर मला फार आनंद होईल.

पण कोल्हापूरनं इथून घ्यावी अशी खरी गोष्ट वेगळी आहे. आमच्या पायऱ्यांवर माझी बायको असते, दहा वर्षांची मुलगी असते. हॅम्लेट ज्या गोलाकडे खेळतो त्या गोलामागे आम्ही उभे राहतो, आणि मध्यंतरात शेकडो माणसं गप्पा मारत मैदानाला वळसा घालून दुसऱ्या गोलामागे जातात. त्या गर्दीत मुलगी माझा हात सोडून पुढे पळते आणि मला काळजी वाटत नाही. शाहू स्टेडियमवरच्या माझ्या आठवणींत मात्र बाई दिसत नाही. ताई एकदा मागे लागली होती, मलाही ने म्हणून. मी तेरा वर्षांचा, ती पंधराची. "तिथं पोरी येत नाहीत," असं सांगून मी सायकलवर टांग टाकली होती. मला नेमकी काय भीती वाटली, ते आज आठवत नाही.

दोन पेठांच्या समर्थकांत मारामारी झाली की गावात दर वेळी तोच वाद रंगतो. एक म्हणतो स्पर्धा बंद करा, दुसरा म्हणतो पोलीस वाढवा. मला वाटतं, पायऱ्यांवर आया-बहिणी आणा. २०१९ मध्ये एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला होता, म्हणजे खेळणाऱ्या पोरी गावात आहेतच. त्यांच्या मैत्रिणी, आत्या, शिक्षिका यांना बोलवायचं काम समर्थकांनी अंगावर घ्यावं. प्रत्येकानं घरातली एक जण आणली, तर शिवी तोंडातून निघण्याआधी माणूस मागं वळून बघेल. स्वच्छतागृह आणि बसायला निराळी जागा लागेल, ती संघटनेकडून मागून घ्यावी. पण आमंत्रण आधी द्यावं, सोय होईपर्यंत थांबू नये.

हंगामात आम्ही तिघं कोल्हापूरला जातोय. गेल्या रविवारी ताईला फोन केला, म्हटलं, शाहू स्टेडियमला येतेस का, मुलीला मॅच दाखवायची आहे. ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाली, "येतो की. समोरच्या वहिनी आणि त्यांची पोरगी पण येतील, चालतंय न्हवं?"