बिया गिळा, बारीक व्हा

वजन उतरवायचंय? मग आधी मिसळणाच्या डब्याकडे पाठ फिरवा. त्यातली मेथी कडू, स्वस्त, आणि तिच्यावर कुणाचा 'आधी' आणि 'नंतर'चा फोटोही नाही. अशा मेथीवर विश्वास ठेवायचा कसा? तिचाच अर्क काढून, कॅप्सूलमध्ये भरून बाटली अठराशेला विकली की मग तिला गुण येतो.

बी परदेशी असेल तर सोन्याहून पिवळं. 'आफ्रिकन मँगो' म्हटलं की देवगडच्या हापूसची आठवण येऊन पाकीट आपोआप उघडतं. त्या झाडाचा आपल्या आंब्याशी सुतराम संबंध नाही आणि नायजेरियात त्याच्या बीचा गर रस्सा दाट करायला घालतात, हे कुणाला विचारू नका. रस्सा पिऊन कोण बारीक झालंय?

संशोधन मात्र जरूर वाचा, पण पहिलंच पान. हिरव्या कॉफीच्या बियांच्या अर्काचंच बघा ना. भारतातच १६ जणांवर केलेला प्रयोग २०१२ मध्ये छापून आला, अमेरिकेत टीव्हीवर गाजला, बाटल्या धडाधड खपल्या. पुढे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे फसव्या जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, प्रयोगातली वजनंच बदलली असल्याचं म्हटलं, २०१४ मध्ये अर्क बनवणाऱ्या कंपनीने ३५ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं आणि शोधनिबंध मागे घेतला गेला. हे दुसरं पान. ते उलटायचं नाही.

बाटलीवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना नंबर दिसला की नमस्कार करा. तो वेफर्सच्या पुडीवरही असतो.

कोच शेजारचाच निवडा. आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत एक काकू आहेत. गेल्या दिवाळीपर्यंत साड्यांचा सेल लावायच्या, आता त्यांच्या नावामागे 'वेलनेस' लागलंय. लॉबीत टेबल टाकतात, काट्यावर उभं करतात आणि तुमच्या शरीराचं वय तुमच्यापेक्षा जास्त असल्याचं हसत हसत सांगतात.

आणि घरात मधुमेहाचं माणूस असेल तर पहिली बाटली त्यालाच द्या. माझ्या आईला काकूंनी दिली तशी. "अगं, मेथीच तर आहे, नैसर्गिक," असं म्हणून दिली. आई ग्लिमेपिराइड घेते. ही मधुमेहाची गोळी पोटात अन्न असो-नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. मेथीच्या अर्कानेही साखर उतरते. त्यात कोचबाईंचा सल्ला, "रात्री नुसतं सूप घ्या, रिझल्ट लवकर दिसेल." रिझल्ट पहाटे दिसला. गाऊन घामाने चिंब, हात लटलट कापताहेत, मला 'ताई' म्हणून हाक मारतेय, आणि ग्लुकोमीटरवर साखर फक्त ५२. वाटीत साखर कालवून चमच्याने पाजली. अर्धी हनुवटीवरून ओघळली. सकाळी कोचबाईंना फोन केला तर म्हणाल्या, "बॉडी डिटॉक्स होतेय, घाबरायचं नाही." डिटॉक्स? बाई, माझी आई बेशुद्ध पडली असती! तुमची विक्रीची टार्गेटं, तुमचं गोव्याच्या सहलीचं बक्षीस आणि आमचं म्हातारं माणूस! बाटलीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलंय. कंपनीने स्वतःची सोय केली. तुमच्या तोंडावर काही छापलेलं नसतं म्हणून तुम्ही 'शुगर रिव्हर्स' म्हणत सुटता. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४च्या कायद्याने बंदी आहे, माहितीये?

आणि तुम्ही वाचणारे, तुम्ही काही कमी नाही. मेथी, जवस, इसबगोल यांतला तंतू पोटात फुगतो, भूक जरा आवरते, जेवणातली साखर रक्तात हळू उतरते. एवढंच, आणि तेही ताटातला भात कमी केला तर. हे तुमच्या आजीला माहीत होतं, तिने त्याचे अठराशे मोजले नाहीत. डॉक्टर विचारतात, "आणखी काही घेता का?" तेव्हा मान हलवून "छे, काही नाही" का म्हणता? लाज वाटते? मग विकत घेताना वाटू द्या. आणि घेतलीच असेल तर पुढच्या तपासणीला ती बाटली पिशवीत घालून न्या, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि दोन शिव्या खा.