खालची कड पुन्हा सुटली!

तिसऱ्यांदा उसवतेय. गाडीच्या कव्हराचा तोच मागचा डावा कोपरा, काठाची तीच पट्टी, तोच दोरा आणि तीच मी. डोळ्यांत पाणी आहे, पण ते रडू नव्हे. दोन तास पापणी न लवता सुईच्या टोकाकडे बघितलं की येतं ते.

दादाच्या गाडीला कॅनव्हासचं कव्हर शिवून द्यायचं मीच कबूल केलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नाही. मापं घेतली, बेतलं, कापलं, तुकडे जोडले. आरशांचे खिसेसुद्धा पहिल्या फटक्यात बसले, ज्यांची मला खरी धास्ती होती. मग दादा आला, सगळं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "वा! म्हणजे आता फक्त काठाला पट्टी राहिली ना गं?"

फक्त! हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा मशीनवर बसवा आणि समोर बारा मीटर काठ टाका.

होय, बारा मीटर. मध्यम आकाराच्या गाडीच्या कव्हराचा घेर सहज तेवढा भरतो. 4 मिलिमीटरचा टाका धरला तर 3000 टाके. पट्टी म्हणजे कापलेला काठ झाकायला त्याच्यावर दोन्हीकडून दुमडून शिवायची कापडाची लांब चिंधी. त्यातल्या प्रत्येक टाक्याने तीन गोष्टी एकदम पकडायच्या असतात: पट्टीची वरची कड, मधला कॅनव्हास आणि पट्टीची खालची कड. वरची कड दिसते, कॅनव्हास हाताला लागतो, आणि खालची कड कुठे आहे हे फक्त देवाला आणि मशीनच्या दात्यांना माहीत. तुम्ही वरून बघता तर टीप कशी सरळ, फुटपट्टी लावून मारल्यासारखी. मनात म्हणता, जमलं बाई! उलटं करता, आणि खालची कड वीतभर सुटून लोंबतेय. टीप तिच्या बाजूने, तिला न शिवता, अगदी सभ्यपणे निघून गेलेली.

बरं, साधं कापड असतं तर उसवलं असतं, पाणी मारून इस्त्री फिरवली असती, भोकं बुजली असती, कुणाच्या बापाला कळलं नसतं. कॅनव्हासला ते चालत नाही. चौरस मीटरला 340 ग्रॅमचा, म्हणजे चौरस यार्डाला 10 औंसाचा कॅनव्हास, त्यात 18 नंबरची सुई. ती जिथे जाते तिथे भोक पडतं. सुती कॅनव्हास भिजला की फुगतो आणि भोक थोडंफार आवळतं, हे खरं. पण ज्याला आतून लेप दिलेला असतो त्याच्यावर पडलेलं भोक जन्माचं. तीनदा उसवलं की काठाला शेजारीशेजारी तीन भोकांच्या रांगा, आणि मग तिथलं कापड पोस्टाच्या तिकिटासारखं फाटायला तयार. पाण्यापासून गाडी वाचवायला कव्हर शिवायचं आणि पाण्यालाच वाट करून द्यायची. छान!

म्हणूनच टाचण्या लावायच्या नाहीत, नाहीतर त्यांचीही भोकं. चिमटे लावा म्हणे. लावले. चाळीस चिमटे. एवढा जड कॅनव्हास मशीनच्या एका बाजूने ओढ खातो, मांडीवरून जमिनीवर घसरतो, आणि घसरताना निम्मे चिमटे टपटप गळतात. मग दोन्हीकडून चिकटणारी टेप आणली. तिने पट्टी बसली खरी, पण वीस टाक्यांत सुईला चिकट लेप बसला, दोरा अडकायला लागला आणि टाके सुटायला लागले. आता सुई पुसा, चार वीत शिवा, सुई पुसा. ही शिलाई आहे की दाढ भरणं?

यात अर्धा दोष मशीनचा आहे हे मला मान्य करायचंय, कारण सगळा माझाच आहे असं ऐकून ऐकून कान किटलेत. घरगुती मशीनमध्ये कापड पुढे नेणारे दाते फक्त खाली असतात. ते खालचा थर ओढतात, वरचा थर दाबाच्या पायाखाली (सुईपाशी कापड दाबून धरतो तो) मागे रेंगाळतो. एका टाक्यात हा फरक दिसतसुद्धा नाही. तीन हजार टाक्यांनंतर वरची बाजू चार बोटं उरलेली असते आणि पट्टीला पीळ पडून तिरप्या तिरप्या चुण्या आलेल्या असतात. ज्यांच्याकडे वरचा पायही चालणारं, सुईसकट कापड पुढे सरकवणारं जाड कामाचं मशीन आहे, त्यांना ही व्यथा कळायची नाही. तेच लोक मग सांगतात, "अगं, नुसतं सरळ शिवत जायचं." तुमचं मशीन द्या, मग मीही सांगते.

आणि सरळ? सरळ भागाचं रडगाणं मी गातच नाहीये. खरी गंमत वळणावर आहे. चौकोनी कोपरा नको म्हणून मी वाटी ठेवून खडूने गोल आखला. दिसायला गोड. आता हिशेब ऐका. पट्टी तयार होऊन 12 मिलिमीटर रुंद. काठ बाहेरून वळतो, पण टीप पडते आतून, 12 मिलिमीटर अलीकडून. आतलं वळण बाहेरच्यापेक्षा छोटं. काटकोनाएवढं वळलात की फरक पडतो जवळजवळ 19 मिलिमीटरचा. म्हणजे पट्टीच्या उघड्या कडेला, जिच्यावर टीप पडते तिला, तेवढी लांबी जास्त होते, दोन्ही बाजूंना, आणि ती कुठेतरी खपवायची. कोपरा लहान असो की मोठा, फरक तेवढाच, कमी होत नाही! फक्त वाटीच्या 5 सेंटीमीटर त्रिज्येवर ते सगळं आठेक सेंटीमीटरच्या काठात कोंबावं लागतं, आणि ताटाच्या 13 सेंटीमीटरवर वीस सेंटीमीटरभर पसरतं. ही अक्कल मला कापून झाल्यावर आली. वाटी! दुसरं काही सुचलं नाही मला.

आतल्या बाजूला वळणाऱ्या काठाला, म्हणजे चाकाच्या कमानीजवळ, नेमकं उलटं. तिथे पट्टीची उघडी कड कमी पडते. तिला ताणावं लागतं, नाहीतर काठ आक्रसून वाटीसारखा उभा राहतो. (पुन्हा वाटी. आज वाटीने माझा पिच्छा पुरवायचं ठरवलंय.) एका वळणावर पट्टी ताणायची, पुढच्या वळणावर ढिली सोडायची, आणि दोन्हींच्या मध्ये हाताने विसरून जायचं की आत्ता आपण ताणत होतो. मला हे जमत नाही. माझा हात एकदा ताणायला लागला की ताणतच राहतो.

बरं, ताणण्यासाठी पट्टी उरेब हवी. पंचेचाळीस अंशांत तिरकी कापलेली. उभ्या धाग्याची पट्टी वळणार नाही, लाकडासारखी उभी राहील. म्हणून मी उरेब कापली. आता उरेब पट्टी ताणते, पण ती विचारून ताणत नाही. सरळ काठावरही ताणते, तिथे नको असताना. मग टीप झाली की परत आक्रसते, आणि काठ झालर लावल्यासारखा लाटालाटांचा. तेव्हा सरळ भागाला उभ्या धाग्याची आणि वळणाला उरेब, असं जोडून घ्यावं म्हटलं, तर जितके जोड तितकी गाठोडी.

गाठोडी म्हणजे काय ते सांगते. कडा आत दुमडलेल्या पट्टीत काठावर पाच थर असतात: चार पट्टीचे, एक कॅनव्हासचा. एवढं मशीन कुरकुरत का होईना खातं. पण जिथे दोन तुकड्यांची दुमडून दाबलेली शिवण काठाला येऊन भिडते, तिथे कॅनव्हासचेच चार थर होतात. अधिक पट्टीचे चार. आठ! दाबाचा पाय त्या टेकाडापाशी येऊन नाक वर करून उभा राहतो, दाते जागच्या जागी चरत बसतात, एकाच भोकात दहा टाके पडतात, आणि मग मशीन एकदम उडी मारून पलीकडे जातं. त्या उडीत खालची कड सुटते. नेहमी तिथेच सुटते. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीची घडी ठेवली की पाय सपाट राहतो आणि चाक हाताने फिरवून टाके घेता येतात, हे मला माहीत आहे, मी करतेही. पण माझ्या कव्हराला अशा सहा शिवणी आहेत, आणि घडी सरकवायला, चाक फिरवायला, कॅनव्हास तोलायला आणि खालची कड चाचपायला मिळून मला हात दोनच दिलेत.

सुखी माणसं सांगतात, पट्टी आपोआप दुमडून देणारा फोल्डर लावा. लावला. सरळ रेषेत राजासारखा चालला. पहिल्या शिवणीपाशी कॅनव्हास त्याच्या तोंडात मावेना. वळणावर कॅनव्हास आतून निसटला आणि पट्टी एकटीच स्वतःला शिवत पुढे गेली. मला कळलं तेव्हा हातभर रिकामी पट्टी शेपटीसारखी लोंबत होती.

खरा इलाज एकच, आणि तो मला आधीपासून ठाऊक होता, हेच जास्त झोंबतं. दोन टिपा. आधी पट्टी उघडून आतल्या बाजूला शिवायची, मग काठावरून पुढे आणायची, नखाने दाबायची आणि दुसरी टीप वरून, डोळ्यांदेखत मारायची. मग सुटायची भीती वरच्या कडेची, आणि ती दिसतेय. आत टीप थोडी इकडेतिकडे पडली तर पडू दे, आतून कोण बघतंय. पण बारा मीटरचे होतात चोवीस, तीन हजारांचे सहा हजार, आणि मी आळस केला. एका टिपेत उरकू म्हटलं. आता उसवण्याचे मीटर मोजले तर तीस झाले असतील.

त्यात दोऱ्याचा रंग. काळ्या पट्टीवर काळा दोरा, काय वाकडं जातंय ते कुणाला दिसत नाही. पण नाही, दादाला लाल हवा. "उठून दिसेल." दिसतंय ना! प्रत्येक थरथर उठून दिसतेय. कुठे मला शिंक आली, कुठे फोन वाजला, सगळं लाल अक्षरांत लिहून ठेवलंय.

काल तो पुन्हा येऊन गेला. तीन बाजू झालेल्या होत्या, आणि खरं सांगते, बऱ्या झाल्या होत्या. आरशाच्या खिशांकडे बघितलं नाही, छपराच्या लांब शिवणीकडे बघितलं नाही. सरळ गुडघ्यावर बसला, त्या डाव्या कोपऱ्याला बोट लावलं आणि म्हणाला, "इथे जरा गोळा झाल्यासारखं वाटतंय का गं?"

वाटतंय रे दादा. एकोणीस मिलिमीटर गोळा झालंय.

आता ब्लेड घेऊन बसलेय. यावेळी वळणाच्या आधीच थांबणार, पट्टी हाताने कच्च्या टाक्यांनी बसवणार, मग चाक फिरवत एकेक टाका. भोकांच्या तीन रांगा पट्टीखाली झाकल्या जातील एवढी पट्टी रुंद आहे, तेवढं एक नशीब. आणि तरीही खालची कड सुटली, तर गाडी कायम डावी बाजू भिंतीकडे करून लावायची. तसं त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.