‘आपटलेली लेन्स दिली’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. भाड्याने दिलेली कॅनन ईएफ 24-105 एफ/4 एल (पहिली आवृत्ती) ही झूम लेन्स आपटलेली होती, फ्लॅटच्या फोटोंत ओट्यामागच्या टाइल्स फुगल्या आणि अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ/11 इतकं बारीक करूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. जोडलेले दोन्ही फोटो आम्ही मोठे करून पाहिले. 24 मिमीला (झूमच्या सर्वांत रुंद टोकाला) टाइल्सची रेषा बाहेर फुगलीय, 70 मिमीला वॉर्डरोबची कड आत वळलीय, आणि डावीउजवीकडे वाक सारखाच आहे. आतली काच सरकली असती तर वाक एका अंगाला जास्त दिसला असता, एखादा कोपरा धूसर आला असता.

हा या झूमच्या रचनेचाच भाग आहे. झूम फिरवताना आतले काचांचे गट पुढेमागे होतात. 24 ला कडेचं मॅग्निफिकेशन (प्रतिमा किती मोठी पडते ते) मध्यापेक्षा कमी पडतं, म्हणून रेषा फुगते. 35 च्या पुढे ते कडेला वाढतं, म्हणून ती आत ओढली जाते. 24 ला हा दोष चांगला 4 टक्क्यांच्या आसपास आहे. अ‍ॅपर्चर बारीक केल्याने तो जात नाही.

चूक आमची इथे झाली: तुमचा कॅनन 6डी कॅमेरा शूट करताना जेपीजीत (कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या फोटोत) हा वाक दुरुस्त करत नाही, आणि इंटिरियरचं काम आहे हे ठाऊक असूनही आमच्या काउंटरवर ते सांगितलं गेलं नाही. त्याबद्दल माफी मागतो. एका दिवसाचं भाडं परत करतो.

फोटो वाचतील. रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) असेल तर लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरच्या लेन्स करेक्शन्समध्ये प्रोफाइल (त्या लेन्सचा वाक काढणारी तयार मापं) चालू करा. जेपीजीला ते प्रोफाइल बहुधा मिळत नाही. तेव्हा मॅन्युअलमध्ये डिस्टॉर्शनचा (रेषांच्या वाकाचा) स्लायडर 24 च्या फोटोला अधिककडे, 70 च्या फोटोला उणेकडे न्या. ग्रिड लावून टाइलची सांध जुळेपर्यंत थोडं थोडं सरकवा. फुगवटा काढताना कडा कापल्या जातात, त्यामुळे पुढच्या वेळी चौकटीत चारी बाजूंना थोडी जागा सोडा. वॉर्डरोबच्या उभ्या कडा खाली निमुळत्या होतात, ते मात्र कॅमेरा खाली झुकवल्याने. त्याला ट्रायपॉड आणि स्पिरिट लेव्हल हाच उपाय.

तीच लेन्स बाजूला ठेवलीय. या, टाइलच्या भिंतीला कॅमेरा समांतर लावून 24, 35, 50, 70 आणि 105 ला तुमच्यासमोर तपासू. दोन बाजू असमान निघाल्या तर पूर्ण भाडं परत.